काळी निवळताना

रसग्रहण कवितेचं होतं, बंदिशीचं होतं, एखाद्या जुन्या वाड्याच्या कडीपाटाचंही होतं. मला एका कृतीचं करायचं आहे. मातीच्या प्रयोगशाळेतली ही कृती. तिला लागतं एक लिटरचं उभट काचपात्र, पाणी, २० मिलिलिटरची पिपेट, तापमापक आणि घड्याळ. नावही साधंच, पिपेट पद्धत. मातीतले कण आकाराप्रमाणे वेगळे करायचे, आणि तेही चाळणी जिथे हात टेकते तिथून पुढे. माती मात्र वर्धा जिल्ह्यातली काळीच हवी. वाळूसर मातीत ही पद्धत नुसतीच उरकते, काळीत तिचा कस लागतो.

काळी हा शब्द इकडे विशेषण नाही, नाम आहे. बैल काळीत रुततो, कापूस काळीत पिकतो, उन्हाळ्यात काळी फाटते. तिच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. इंग्रजी अमदानीत वर्धा-नागपूरकडच्या जमिनींचा बंदोबस्त झाला तेव्हा साहेबाच्या दप्तरात वर्गवारी उतरली ती इथल्याच नावांनी: काळी, मोरंड, खरडी, बरडी. काळी सगळ्यांत बारीक आणि खोल. मोरंड जरा तपकिरी, मधे मधे चुनखडीचे खडे असलेली. खरडी उथळ, भरड. बरडीत तर माती कमी आणि दगडगोटेच जास्त. काचपात्र नसतानाही लोकांनी जमिनी कणांवरूनच ओळखल्या होत्या. सेलू तालुक्यातल्या एका बांधावर मी मूठभर ढेकूळ उचलून मोठ्या जाणकारीनं विचारलं, "ही काळीच ना?" शेतकरीदादांनी ती माझ्या हातून घेतली, थुंकीनं ओली केली, अंगठ्यानं तर्जनीवर घासली आणि म्हणाले, "हे मोरंड होय बाप्पा. काळी अशी खरखर नाही करत." माझी जाणकारी तिथेच संपली.

गंमत अशी की ही खरखर त्यांच्या कागदावर कुठेच नसते. २०१५ साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात. त्यात सामू आहे, क्षारता आहे, सेंद्रिय कर्ब आहे, नत्र-स्फुरद-पालाश आणि गंधक आहे, जस्त-लोह-तांबं-मंगल-बोरॉन आहे. कणांचा आकार नाही. त्यामागे व्यवहार आहे. खतं घालून जस्त बदलता येतं, कण बदलत नाहीत, मग दर खेपेला ते कशाला मोजा? शिवाय ते मोजायला एका नमुन्यामागे दिवस जातात. म्हणून ही कृती संशोधकांच्या वाट्याला उरली आहे.

बारीक वेगळं करण्याच्या आपल्या घरातल्या रीती आठवून पाहा. खळ्यावर वाऱ्याच्या तोंडी धान्य उफणतात, घरात सुपानं पाखडतात, पिठासाठी चाळणी, औषधाच्या चूर्णासाठी वस्त्रगाळ. सेवाग्रामलाही मातीची अशीच निगुती होती. निसर्गोपचारातल्या मातीच्या पट्ट्यांवर गांधीजींची श्रद्धा होती. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात मातीलाही जागा आहे. पट्टीची माती मऊ हवी, खड्यांची नको, बारीक चाळणीतून गाळून घेतलेली हवी, असा त्यांचा आग्रह. अंगाला लावायच्या मातीचं काम चाळणीवर भागतं.

प्रयोगशाळेचं भागत नाही. मातीशास्त्रात दोन मायक्रॉनहून बारीक कणाला चिकणमाती म्हणतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या रुंदीत असे पस्तीस कण शेजारी शेजारी बसतील. इतक्या बारीक छिद्रांची चाळणी विणली तरी ती पहिल्याच चमच्याला बुजणार, आणि काळीच्या चिकट कणांपुढे तर नक्कीच. मग चाळायचं कशानं? या कृतीतली पहिली सुंदर कल्पना इथे येते. ती वेळेनं चाळते.

पण त्याआधी कण सुटे करावे लागतात. हा भाग पाठ्यपुस्तकात चार ओळींत आटोपतात, मला मात्र तो फार आवडतो. ढेकूळ म्हणजे कण नव्हे. असंख्य कणांना कुजलेल्या पालापाचोळ्याच्या डिंकानं आणि चुन्यानं बांधून ठेवलेलं ते एक कुटुंब असतं. माती सावलीत वाळवतात, लाकडी हातोडीनं हलकेच फोडतात आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात. जोरानं कुटायची नाही, नाहीतर कण मोजायच्या ऐवजी आपण नवे कण तयार करून बसू. मग हायड्रोजन पेरॉक्साइड. ते पडताच चंचुपात्रात करडा फेस चढतो आणि ऊतू जायला बघतो, दूध तापायला ठेवल्यासारखं उभं राहावं लागतं. हा डिंक जळतो आहे. चुनखडी काढायला सौम्य आम्ल, तेही बेतानं, कारण तीव्र आम्ल काळीच्या कणांनाच खातं. हे सगळं धुऊन काढायचं आणि शेवटी घालायचं सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट.

या शेवटच्या द्रव्याचं काम नीट पाहण्याजोगं आहे. काळीचा बारीक कण म्हणजे स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचा पातळ पत्रा, दख्खनच्या बसाल्टच्या झिजेतून तयार झालेला. त्या पत्र्यावर ऋणभार असतो. तो शमवायला कॅल्शियम येऊन बसतं, आणि दुहेरी भाराचं ते कॅल्शियम दोन पत्र्यांना जवळजवळ धरून ठेवतं. सोडियमचा भार एकेरी. शिवाय ते पत्र्याला घट्ट चिकटून न बसता भोवती सैल पसरून राहतं, त्यामुळे पत्रे एकमेकांना दूर लोटतात. फॉस्फेट कॅल्शियमला बाजूला गुंतवून ठेवतं आणि जागा सोडियमला मिळते. रात्रभर हलवलेल्या या मिश्रणात सकाळी एकेक कण आपापला एकटा असतो.

हेच सोडियम वर्ध्याच्या पश्चिमेला, पूर्णेच्या खोऱ्यात, शेतकऱ्याच्या मुळावर आलं आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात काळीच्या कणांवर सोडियम बसलं, कण सुटे झाले, छिद्रं बुजली आणि पावसाचं पाणी आत मुरेनासं झालं. काचपात्रात जे कौशल्य, ते शेतात दुखणं. प्रयोगशाळेत चिमूटभर पांढरी भुकटी घालताना ज्याला खारपाणपट्टा आठवत नाही, त्यानं ही कृती अर्धीच वाचली, असं मी म्हणेन.

आता वाळू ओल्या चाळणीनं बाजूला काढायची, उरलेला गढूळ द्रव लिटरच्या पात्रात ओतायचा, खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि छिद्रांच्या चकतीची दांडी खालीवर करून ढवळायचं. ताक घुसळताना रवी गोल फिरते. इथे गोल फिरवलेलं चालत नाही, भोवरा उठला तर सगळा हिशेब बिघडतो. या क्षणी प्रकाशाकडे धरून पात्र जरूर बघावं. ढवळलेल्या चिकणमातीत रेशमासारख्या लहरी चमकतात. पातळ पत्रे प्रवाहाच्या दिशेला ओळीनं वळतात, आणि वळताना उजेड परततो. पैठणीचा पदर हलवल्यावर रंग फिरतो तसं काहीसं. मग लहरी मंदावतात, चमक विझते, दांडी बाहेर येते, घड्याळ सुरू होतं. यापुढे पात्राला हात लावायचा नाही. टेबलालाही नाही.

यापुढचं सगळं एका सूत्रावर तोललेलं आहे. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी ते १८५१ मध्ये छापलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे माती नव्हती. ते लंबकाचा विचार करत होते: हवेच्या घर्षणानं लंबकाच्या झोक्यावर किती परिणाम होतो? त्या गणितातून एक छोटा गोल द्रवात किती वेगानं खाली जाईल हे निघालं, आणि ढगातले थेंब खाली का कोसळत नाहीत हेही त्यांना त्यातच उमगलं. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्यास दहापट, तर वेग शंभरपट. पाणी २० अंश सेल्सिअसला असेल तर २० मायक्रॉनचा कण दहा सेंटीमीटर उतरायला साडेचार मिनिटांहून थोडा अधिक वेळ घेतो, आणि दोन मायक्रॉनचा पावणेआठ तास. भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा दहा सेंटीमीटर लांब धरा. त्याचं टोक तासाला सव्वापाच सेंटीमीटर सरकतं. आपला कण त्याच्या चौथाई वेगानं खाली येतो. तासकाटा हलताना कुणाला दिसला आहे?

पावणेआठ तास झाले. पिपेटचं टोक पृष्ठभागाखाली बरोबर दहा सेंटीमीटरवर हळूच न्यायचं आणि २० मिलिलिटर ओढून घ्यायचं. या एका घोटात काय आलं आहे, हे समजून घेणं हाच माझ्या लेखी या कृतीचा परमोच्च बिंदू.

दोन मायक्रॉनचा जो कण सुरुवातीला अगदी पृष्ठभागावर होता, तो या क्षणी दहा सेंटीमीटरच्या रेषेवर पोचला आहे. त्याच्याखालून निघालेले त्याचे भाऊबंद त्याआधीच रेषा ओलांडून गेले. त्यांच्याहून मोठे तर केव्हाच. म्हणजे रेषेच्या वर दोन मायक्रॉनहून मोठा एकही कण उरलेला नाही. इतकं कुणालाही सुचेल. पण बारकांचं काय झालं? एक मायक्रॉनचा कण घ्या. त्याचा वेग चौथाई, म्हणून तेवढ्या वेळात तो अडीच सेंटीमीटर उतरला. दहाच्या रेषेवर सुरुवातीला असलेले कण साडेबारावर गेले आणि साडेसातावरचे दहावर आले. जेवढे गेले तेवढे आले. रेषेवर एक मायक्रॉनच्या कणांची दाटी सकाळी होती तितकीच आत्ताही आहे. अर्ध्या मायक्रॉनचीही तितकीच. मोठे पूर्ण गेले, बारके पूर्ण जागेवर, आणि मधे धूसर किनार नाही. पात्रात सगळंच्या सगळं खाली चाललेलं असताना त्या एका पातळीवर, त्या एका क्षणी, माती बरोबर दोन मायक्रॉनवर कापली गेलेली असते. वर बघावं तर पाणी गढूळच, खाली गढूळच. डोळ्याला काही घडल्याचं कळतही नाही.

पुढचा हिशेब घरगुती आहे. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम माती असली, तर २० मिलिलिटरच्या वाट्याला ०.४ ग्रॅम. भट्टीत १०५ अंशांवर वाळवून, आपण घातलेल्या फॉस्फेटचं वजन वजा करून, वाटीत ०.२४ ग्रॅम उरलं, तर चिकणमाती ६० टक्के. चांगल्या काळीत हा आकडा पन्नाशी-साठीच्या घरात असतो. घाईत फॉस्फेट वजा करायला विसरणारे विद्यार्थी असतात. त्यातला एक मी होतो, आणि माझी काळी काही दिवस अख्ख्या विदर्भात सर्वांत भारी होती.

१९२२ मध्ये ब्रिटिश मृदाशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांनी ही पद्धत मांडली. तिकडच्या थंड प्रयोगशाळांना ती मानवली असणार. वर्ध्याला तापमान हे स्वतंत्र प्रकरण आहे. पाणी गरम झालं की पातळ होतं आणि कण लवकर उतरतात. जानेवारीत १५ अंशांच्या पाण्यात तोच दोन मायक्रॉनचा कण दहा सेंटीमीटरसाठी पावणेनऊ तास घेतो, आणि उन्हाळ्यात ३५ अंशांना साडेपाच तासांत पोचतो. विलंबित आणि मध्य लयीतला हा फरक आहे. मे महिन्यात जानेवारीचा तक्ता लावून बसलात तर तुमचा छेद दोन मायक्रॉनच्या बराच खाली पडेल. बरं, तापमान दिवसभर एकच राहायला हवं. दुपारी खिडकीतून ऊन आलं की पात्राची एक बाजू तापते आणि आत मंद वर्तुळं फिरू लागतात. मग कण स्टोक्सचं ऐकत नाहीत.

रसिकानं दोषही पाहावा. या कृतीत एक खोटं आहे आणि ती ते उघड मान्य करते. स्टोक्सचं गणित गोलासाठी आहे, आणि काळीचा कण तर पत्रा. पळसाचं पान झाडावरून पडताना पाहिलं आहे ना? ते सरळ खाली येत नाही, डोलत, तिरकं होत येतं. म्हणून ही पद्धत दोन मायक्रॉनचा कण म्हणते तेव्हा तिला म्हणायचं असतं, दोन मायक्रॉनच्या गोलाइतक्या वेगानं पडणारा काहीतरी. त्याला समतुल्य व्यास म्हणतात. घनतेचंही तसंच. सगळ्या कणांची घनता २.६५ धरून चालायचं. आता लेसरची यंत्रं आली आहेत. प्रकाश कोणत्या कोनात विखुरतो त्यावरून ती काही मिनिटांत आकारांचा आलेख काढून देतात. पण पत्र्यांसमोर तीही गोंधळतात आणि पिपेटपेक्षा चिकणमाती कमीच दाखवतात, हा अनुभव जगभरचा आहे. दोन्ही यंत्रणा कणाला गोल समजतात. पिपेटचं गृहीतक निदान घड्याळात दिसतं. माझा कल लपलेला नाही.

दोन मायक्रॉनच्या खाली अजून एक जग आहे. ०.२ मायक्रॉनहून बारीक, त्याला अतिसूक्ष्म चिकणमाती म्हणू. तोच दहा सेंटीमीटरचा प्रवास त्याला ३२ दिवसांचा. इतका वेळ पाणी शांत कोण ठेवणार? शिवाय इतक्या लहान कणाला पाण्याचे रेणू सतत धक्के देतात, त्याला सरळ खाली जाऊ देत नाहीत. इथे अपकेंद्री यंत्र लागतं. पात्र गरगर फिरवायचं म्हणजे गुरुत्वाकर्षण हजारपट झाल्यासारखं होतं आणि महिन्याचं काम मिनिटांवर येतं. या खेळाचा सर्वांत चिवट रसिक ज्याँ पेरँ. पॅरिसमध्ये, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, रेणू खरोखर असतात हे सिद्ध करायला त्यांना एकसारख्या आकाराचे बारीक कण हवे होते. त्यांनी गॅम्बोज नावाची पिवळी रंगराळ घेतली. ती ज्या झाडातून पाझरते ते गार्सिनिया कुळातलं, म्हणजे आपल्या कोकमाचं भावंड. एक किलो राळ पाण्यात घोटून, पुन्हा पुन्हा फिरवून, काही महिन्यांनी त्यांच्या हाती एका ग्रॅमचे काही दशांश एवढे सारखे कण आले. त्या कणांच्या वेगवेगळ्या उंचीवरच्या दाटीवरून त्यांनी रेणूंची संख्या मोजली. १९२६ चं भौतिकीचं नोबेल त्यांना मिळालं. त्याच वर्षीचं रसायनशास्त्राचं नोबेल अति-अपकेंद्री यंत्र घडवणाऱ्या स्वीडनच्या स्वेदबेरींना. ते साल निवळण्याचंच म्हणायचं.

वर्ध्याहून जेमतेम ७५-८० किलोमीटरवर, नागपुरात, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो १९७६ पासून आहे. तिथल्या संशोधकांनी काळीचे हे अतिसूक्ष्म कण थरांप्रमाणे वेगळे करून पाहिले. काळी फुगते, आकसते, उलथते, तेव्हा तिच्यात वरचं खालचं काही राहत नसणार, असा जुना समज होता. वरच्या आणि खालच्या थरांतलं अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण तपासल्यावर दिसलं की कण पाण्याबरोबर हळूहळू खाली उतरतातच. म्हणजे शेतातली जमीन स्वतःही, अतिशय सावकाश, पिपेट पद्धतीचाच खेळ खेळते आहे. वेगळ्या केलेल्या कणांचा थेंब काचपट्टीवर वाळू देतात. पत्रे पत्त्यांच्या जोडासारखे एकावर एक आडवे पडतात, आणि क्ष-किरण टाकले की दोन पत्र्यांमधलं अंतर, मायक्रॉनहून कितीतरी लहान अशा अँगस्ट्रॉमच्या मापात, वाचता येतं: साधं असताना १४-१५ अँगस्ट्रॉम, ग्लायकॉलच्या वाफेत ठेवलं की १७. काळीतले पत्रे फुगणारे आहेत, याची ही खूण.

घरी मी याची गावठी आवृत्ती करतो. लोणच्याची रिकामी काचेची बरणी, पावसाचं साठवलेलं पाणी, काळीचं मूठभर ढेकूळ भिजवून कालवलेलं आणि चिमूटभर धुण्याचा सोडा. झाकण लावून हलवायची आणि खिडकीत ठेवायची. पहिल्या मिनिटातच तळाशी वाळूची रेघ पडते. तासाभरात तिच्यावर पोयट्याचा पट्टा, आणि त्या दोहोंमधली सीमा पेन्सिलीनं आखल्यासारखी. वरचं पाणी मात्र दिवसामागून दिवस चहाच्या रंगाचं राहतं.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी बरणी पाहिली. हे पाणी असं का ठेवलंय, म्हणाल्या. त्यांच्या माहेरी विहिरीचं गढूळ पाणी निवळीची बी माठाच्या आतून घासून स्वच्छ करत. नावच निवळी. बी आता मिळत नाही, म्हणून त्यांनी वरचं पाणी पेलाभर काढून त्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवला. पाहता पाहता कणांचे पुंजके झाले, पुंजके ढगांसारखे जड झाले आणि लहान-मोठे सगळे एकदमच खाली बसले. पाऊण तासात पेल्यातलं पाणी नितळ. त्यात आता मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. बरणीतलं पाणी नवव्या दिवशीही चहाच्या रंगाचंच आहे, वरून नखभर फिकं झालंय इतकंच.